थांब्यावरची काशी

"काशी कोण?" तव्यावरची भाकरी काळूरामच्या ताटात आपटत गुणाबाईने विचारलं.

काळूराम तेव्हा जेवत होता असं म्हणायला हरकत नाही, कारण ताट त्याच्यापुढे होतं आणि घासही हातात होता. पण डोळे उघड्या दारातून पार सिद्धगडाच्या माथ्यावर गेले होते. तिथे एक ढग अडकला होता आणि तो डाव्या अंगाने सुटेल की उजव्या, याचा तो सकाळपासून विचार करत होता. त्याचं सगळं आयुष्य असंच गेलं होतं. नांगर धरला तरी मन बगळ्यांमागे जाई. मुरबाडच्या बाजाराला गेला तर मीठ विसरून येई आणि वाटेत दिसलेल्या इंद्रधनुष्याची हकिगत घेऊन येई.

"काशीला?" तो म्हणाला. "जाऊ ना. पण आधी शेतातले वाल तरी निघूं दे."

"जायाचं नाय बोलले मी! कोण ती, असं विचारलं."

"कोण?"

"काशी!"

काळूरामने घास खाली ठेवला. गावात काशी नावाचा एकच प्राणी त्याला आठवत होता. "जैतूची म्हैस?"

गुणाबाईने दुसरी भाकरी थापली नाही. पदराला हात पुसले आणि एवढंच म्हणाली, "फाट्यावर जा. बगून या. सगळा गाव बगून आला."

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टोकावड्याच्या अलीकडे, गावाचा फाटा होता. या रस्त्याला कोरी भिंत म्हणून शिल्लक नव्हती. कुणाच्या गोठ्यावर सिमेंट, कुणाच्या पडवीवर बनियन, पुलाच्या कठड्यावर मूळव्याधीचा खात्रीशीर इलाज, आणि जिथे भिंत नाही तिथे दोन बांबूंवर 'निसर्गाच्या कुशीत प्लॉट'. निसर्ग त्या फलकामागे कुठेतरी उभा होता. अशा रस्त्यावर आपल्या गावचा एसटीचा थांबा तेवढा स्वच्छ राहिला पाहिजे, असं नव्या सरपंच सारिकाने मनावर घेतलं होतं. तिने थांब्याला आकाशी रंग दिला, आतला बाक दुरुस्त केला आणि मागच्या भिंतीवर ठळक लिहून घेतलं, 'येथे काहीही लिहू नये.'

त्याच्याच खाली आता लाल ऑइलपेंटमध्ये लिहिलेलं होतं, 'काळूराम' आणि 'काशी'. मध्ये हातभर बदाम. बदामातून आरपार बाण.

काळूराम बघतच राहिला. अक्षरं विलक्षण सुंदर होती. 'का'चा काना सागाच्या खोडासारखा सरळ, आणि काशीची वेलांटी तर अशी वळवली होती की मोराने मान वळवावी. आपलं नाव एवढं देखणं दिसू शकतं हे त्याला आजवर माहीत नव्हतं. मतदार यादीत ते मुंगीएवढं असायचं.

"काळूकाका!" सारिका स्कूटरवरून उतरली. "तपासणीवाले कधीपण येतील. स्वच्छतेचा नंबर जाईल आपला. पुसून टाका ते."

"मी नाय लिवलं गो."

"मग? नाव तुमचंच हाय ना? गावात दुसरा काळूराम हाय का?"

"नाव माझं हाय. पण बदाम माझा नाय."

समोरच्या टपरीवर चहा उकळत असलेला जैतू मोठ्याने हसला. "काळू, तू बिनधास्त सांग. माझी म्हैस काय बोलायची नाय!"

सारिका हसली नाही. गावाला आजवर कशातच नंबर मिळाला नव्हता, आणि या वेळी तो थांब्यामुळे मिळणार असं तिने ग्रामसभेत सांगून ठेवलं होतं. "संध्याकाळच्या आत भिंत साफ पायजे काका," एवढं बोलून ती गेली.

काळूरामने घरून बादलीभर चुना कालवून आणला, ब्रश आणला आणि बाकावर चढला. ब्रश बदामापर्यंत नेला. तिथे त्याचा हात थांबला. चुना मारायच्या आधी एकदा नीट बघून घ्यावं असं त्याला वाटलं. कोण असेल ही काशी? नावावरून तरी शांत वाटते. नदीकाठची असावी. जेवताना ताट आपटत नसावी. ढग डावीकडून सुटेल म्हटलं, तर 'हो का?' म्हणून तीही वर बघत असावी. काळूरामच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

त्याच वेळी मुरबाडची एसटी येऊन थांबली. खिडकी खिडकीतून लोकांना दिसलं ते एवढंच, की एक साठीचा शेतकरी हातात ब्रश घेऊन बदामापुढे उभा आहे आणि गालातल्या गालात हसतो आहे. कॉलेजच्या एका पोराने फोटो काढला. एसटी टोकावड्याला पोचायच्या आधी फोटो मुरबाडला पोचला होता. 'प्रेमाला वय नसतं' असं कुणीतरी त्याखाली लिहिलं आणि फोटो शहापूर तालुक्यात शिरला.

चुन्याचं काय झालं ते वेगळंच. ओला होता तोवर सगळं झाकल्यासारखं वाटलं. पण उन्हात सुकला तसा आतला लाल रंग वर आला आणि बदाम गुलाबी दिसायला लागला. भोवतीच्या पांढऱ्या चुन्याने तर तो जास्तच उठून दिसत होता.

"खरवडून काढ," जैतूने सल्ला दिला.

काळूरामने विळ्याने खरवडलं. रंग थोडा निघाला, पण त्याबरोबर प्लास्टरही निघालं आणि अक्षरं भिंतीत कोरली गेली. आधी ती नुसती लिहिलेली होती, आता शिलालेख झाला.

"आता टर्पेंटाइन लाव. माझ्याकडं हाय."

टर्पेंटाइनने उरलेला रंग सुटला आणि बदामाभोवती पसरला. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असावी तसं लाल तेज बदामाभोवती उमटलं. जैतूने चहाचा ग्लास खाली ठेवला. "काळू," तो हळूच म्हणाला, "हात लावू नको आता. लय झ्याक झालंय."

तपासणीवाले दुसऱ्याच दिवशी आले. सारिकाने त्यांना शाळा दाखवली, गांडूळखत दाखवलं, थांब्यापुढून मात्र गाडी जोरात न्यायला सांगितली. पण साहेबांनीच ती थांबवली. खाली उतरून ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. सारिकाने मनातल्या मनात ग्रामदेवीला नारळ बोलला.

"वरती लिहिलंय, येथे काहीही लिहू नये," साहेब म्हणाले. "आणि खाली हे कोरीव काम. म्हणजे कायदा आणि माणूस! सरपंच, ही कल्पना कुणाची?"

"ग्रामपंचायतीची," ती म्हणाली.

साहेबांनी बदामाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. त्या दिवसापासून भिंत पुसायचं सारिकाने नाव काढलं नाही. माळशेजला फिरायला जाणाऱ्या गाड्या थांबायला लागल्या. जोडपी बदामाखाली उभी राहून फोटो काढू लागली. जैतूने टपरीपुढे दोन खुर्च्या वाढवल्या, आणि कुणी विचारलंच तर तो वालाच्या शेताकडे बोट करून सांगू लागला, "तो बगा, तो बसलाय ना एकटाच, तोच काळूराम."

काळूराम खरोखरच एकटा बसलेला असायचा. भाताच्या कापणीनंतर ओलीवर पेरलेले वाल आता फुलावर आले होते. दुपारी त्या फुलांचा मंद, गोडसर वास बांधावर साचून राहायचा. पूर्वी काळूराम तिथे बसून कशाचाही विचार करायचा. आता तो काशीचा करू लागला. काशी अस्तित्वात नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणूनच त्यात काही वाईट आहे असं त्याला वाटत नव्हतं. पहिल्या दिवशी ती शेताच्या पलीकडून नुसती चालत गेली. मग एकदा बांधाच्या दुसऱ्या टोकाला बसली. हिरव्या काठाचं लुगडं, केसात आबोली. ती फार बोलत नसे. "सिद्धगडावरून समुद्र दिसतो का हो?" असं तिने एकदा विचारलं, आणि त्याचं उत्तर शोधण्यात काळूरामची अख्खी दुपार गेली. बैल जैतूच्या मिरच्यांत शिरले ते त्याला कळलंच नाही.

पुढच्या सोमवारी त्याने धुतलेला सदरा घातला आणि केसांना तेल लावलं.

"बाजाराला निघाला का?" गुणाबाईने विचारलं.

"नाय. शेतावर."

त्याच संध्याकाळी गुणाबाईने शहापूरला भावाला फोन लावला, आणि खर्डीला दिलेल्या भाविकाला, म्हणजे लेकीलाही लावला. भाविकाला सांगायची गरज नव्हती. तिच्या सासूने फोटो आधीच दाखवला होता.

दोघं एकाच दिवशी आली. लडकू म्हणजे गुणाबाईचा धाकटा भाऊ. माणूस भला, पण बहिणीच्या बाबतीत हळवा. ओसरीवर बसायला चटई टाकली, पाणी झालं, आणि लडकूने घसा साफ केला.

"दाजी, मी तुमाला कवा उलटून बोललो नाय. एकच सांगा. ही काशी कोण?"

"कोणी नाय," काळूराम म्हणाला.

"बाबा, अवो खरं सांगा," भाविका रडवेली झाली होती. "सासरी मला तोंड दाखवायला जागा नाय. नणंद बोलते, तुझ्या बापाचा नाद लागलाय कुठल्यातरी बाईला."

"ती तशी नाय!" काळूरामच्या तोंडून निघून गेलं.

कोंबडी आत येत होती, ती उंबऱ्यावरच थबकली.

"तशी नाय म्हंजे कशी हाय?" गुणाबाईने अगदी हळू विचारलं.

इथे दुसरा कुणी असता तर सावरला असता. काळूरामला प्रश्न विचारला की तो प्रामाणिकपणे उत्तराचा विचार करायचा, हा त्याचा जन्माचा दोष होता. "शांत हाय," तो दूर बघत म्हणाला. "हिरव्या काठाचं लुगडं. आबोली माळते. जास्त बोलत नाय. बांधावर बसते, पण माझ्यापासून लांब. गडावरून समुद्र दिसतो का, असं विचारत होती."

"मग?" लडकूने नकळत विचारलं. "दिसतो का?"

"लडकू!" गुणाबाई ओरडली. ती उठली, आत गेली, आणि गाठोडं बांधून बाहेर आली. "चल. मी येते शहापूरला. इथं हिरव्या काठाची येऊंदे."

"गो, ती खरी नाय!" काळूराम तिच्यामागून धावला. "ती मी मनात काढली!"

"मनात काढलीत, हेच तर!" गुणाबाई म्हणाली आणि फाट्याची वाट धरली.

पुढे गाठोडं घेतलेली गुणाबाई, मागे लडकू, त्यामागे डोळे पुसणारी भाविका आणि सगळ्यांत मागे काळूराम, अशी ती मिरवणूक थांब्यावर पोचली. सारिका तिथे जैतूशी कचऱ्याच्या डब्यावरून बोलत होती. ती पुढे आली, पण गुणाबाईचा चेहरा बघून मागे सरली. बाकावर बसायचं तर पाठीशी बदाम येत होता, म्हणून गुणाबाई उन्हात उभी राहिली. काळूराम तिच्यापासून थोडा लांब उभा राहिला. घर तिच्याशिवाय कसं दिसेल, याचा तो पहिल्यांदाच विचार करत होता, आणि आश्चर्य म्हणजे त्याला काहीच दिसत नव्हतं. चूल दिसेना, दार दिसेना. जिथे तिथे नुसती आकाशी भिंत.

मुरबाडकडे जाणारी एसटी यायची होती. त्याआधी तिकडून एक आली. तिच्यातून एक ठेंगणी, सावळी म्हातारी तरातरा उतरली. तिच्यामागून एक उंच, वाकलेला म्हातारा अंग चोरून उतरला. म्हातारीने कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे पाहिलं.

"इथला काळूराम कोण?"

जैतूने बोट दाखवलं.

"तुमी कोण?" गुणाबाईने विचारलं.

"मी? मी काशी!"

काळूरामने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. लुगडं हिरव्या काठाचं नव्हतं. शांतही नव्हती ती.

"खर्डीला सगळा बाजार मला विचारतो," काशीने तोफ डागली. "काशीबाय, तुमच्या नावापुढं ब्रश घेऊन हसतो तो म्हातारा कोण? माझा नवरा हा इथं जिता उभा हाय, आन लोक विचारतात दुसरा काळूराम कुठनं काढलात! मी बोलले, जाऊन विचारतेच."

"दुसरा काळूराम?" सारिका म्हणाली. "मग पयला?"

उंच म्हाताऱ्याने संकोचाने हात वर केला. हाताच्या नखांत जुना रंग बसलेला होता. "मी. मी पण काळूरामच. पेंटर."

मग त्याने सांगितलं. या रस्त्यावरची निम्मी बनियनं आणि निम्मं सिमेंट त्यानेच रंगवलेलं होतं. आता फ्लेक्स आले, हाताचं काम संपलं. मागे मेव्हण्याच्या टेम्पोवर नाव घालायला तो काशीला घेऊन टोकावड्याला आला होता. परतताना मेव्हण्याने दोघांना टेम्पोने या फाट्यापर्यंत सोडलं, पण बसने फार वेळ लावला. "डब्यात जरा लाल रंग उरलाता. ही बाकावर बसून डुलक्या काढत होती. बोललो, जन्मभर लोकांची नावं लिवली. उरलेला रंग सुकून जाण्यापरीस..." त्याने भिंतीकडे बोट केलं. "लिवू नये असं वर लिवलंय ते पण दिसलं मला. पण ते अक्षर लय वाईट होतं. त्याच्याखाली एक बरं अक्षर असावं, असं वाटलं."

"आन मला सांगितलंपण नाय!" काशी म्हणाली. पण आवाजातली धार गेली होती. ती भिंतीजवळ गेली, कोरलेल्या वेलांटीवरून तिने बोट फिरवलं आणि तोंडाला पदर लावला. "हे खोदलं कोणी?"

"मी," आपला काळूराम म्हणाला. "पुसताना."

लडकू खदाखदा हसायला लागला. "सुटलात दाजी! चला, ताई, आण ते गाठोडं. उगाच एवढं ऊन खाल्लं."

भाविका हसली, सारिका हसली, जैतू सगळ्यांना चहा ओतायला लागला. काळूरामने सुटकेचा श्वास टाकला आणि गाठोडं घ्यायला हात पुढे केला. गुणाबाईने ते दिलं नाही. ती काशीकडे बघत होती. मग तिने पेंटरकडे पाहिलं. मग आपल्या नवऱ्याकडे, आणि बराच वेळ पाहिलं.

"याने बायकोचं नाव लिवलं," ती म्हणाली. "तुमी काय लिवलंत?"

"मी? मी कशाला लिवू? मी तर पुसत होतो!"

"तेच बोलते मी."

"पण गो, मी काय केलंच नाय!"

"नायच केलं," गुणाबाई म्हणाली. "इतकी वर्सं झाली, कायसुद्धा नाय केलं. दुसरी बाई मनात काढलीत ती पण आबोली माळलेली. मला कवा माळलीत?"

यावर कुणालाच हसू आलं नाही. काशी येऊन गुणाबाईच्या शेजारी उभी राहिली, आणि आता दोघी मिळून काळूरामकडे बघू लागल्या. मघाशी त्याच्यावर एक बाई असल्याचा आरोप होता, तेव्हा तो निर्दोष होता. आता एकही नसल्याचा आरोप होता आणि तो खरा होता.

पेंटर काळूराम पुढे झाला. खांद्यावरच्या पिशवीतून त्याने एक लहानसा डबा आणि ब्रश काढला. घराबाहेर पडताना हे दोन्ही बरोबर घ्यायची त्याची सवय सुटली नव्हती. "पिवळा हाय," तो हळूच म्हणाला. "आकाशीवर चांगला उठेल."

"मला तुमच्यासारखं नाय जमायचं."

"माझ्यासारखं नकोच हाय त्यांना."

सारिका मध्ये पडली. "काका, भिंतीवर परत काय..."

"सारिका," गुणाबाई म्हणाली, "काशी चालते, ती ग्रामपंचायतीची कल्पना. आन गुणा चालत नाय?"

सारिकाने वरच्या सूचनेकडे एकदा पाहिलं आणि ती जैतूकडे चहा प्यायला गेली.

काळूराम बाकावर चढला. डाव्या अंगाला कोरी जागा होती. त्याने 'काळूराम' लिहिलं. 'ळू' जरा गडगडला, पण वाचता येत होता. बदाम काढला, तो कैरीसारखा झाला. आणि मग त्याने 'गु' काढला. तो मात्र मनासारखा आला, मोठा, ठसठशीत, लांबून दिसेल असा. काळूराम मान तिरकी करून त्याकडे बघत राहिला. वालाच्या फुलांचा वास थेट फाट्यापर्यंत येत होता. सिद्धगडावरचा ढग कुणीकडे गेला हे त्याने आज पाहिलंही नव्हतं. लग्नात गुणाबाईने आबोलीच माळली होती का? माळली असावी. आठवेना. पण बांधाच्या टोकाला बसलेल्या बाईने आता मान वळवली, आणि चेहरा ओळखीचा निघाला.

तेवढ्यात मुरबाडकडे जाणारी एसटी भरून आली आणि थांब्यापुढे उभी राहिली. पहिल्या खिडकीतल्या माणसाने वाचलं, 'काळूराम', मग बदाम, मग 'गु'. त्याने दुसऱ्याला दाखवलं. बघता बघता अख्खी एसटी हसण्याने हलायला लागली. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. पोरांनी फोन बाहेर काढले.

"ओ मावशी," कंडक्टरने डोळे पुसत विचारलं, "मुरबाड ना? चढा लवकर!"

काळूरामने वळून पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि काय झालंय ते त्याच्या ध्यानात आलं. त्याचे कान लाल झाले. तो घाईने ब्रशने अक्षर पुसायला गेला.

गुणाबाईने गाठोडं बाकावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी ऐसपैस बसली.

"गाडी जाऊंदे," ती कंडक्टरला म्हणाली. मग वर बघून नवऱ्याला म्हणाली, "हसूं द्या त्यांना. पुसू नका. तुमी 'णा' काढा."